खाडी आमची, पाणी त्यांचं

डहाणूची खाडी मी एकदा बनवली होती. आख्खी. समुद्राच्या तोंडापासून धाकटी डहाणूच्या बंदरापर्यंत, चिखलासकट, बगळ्यांसकट, लांबवर दिसणाऱ्या वीज केंद्राच्या चिमणीसकट. माझ्या खाडीतली भरती खऱ्या खाडीपेक्षा वेळेवर यायची. बंदरावरची माणसं आधी माझ्या दुकानात डोकावायची आणि मग समुद्राला विचारायची. हे वासंतीला पटत नाही. वासंती म्हणजे माझी बायको. ती वाणगाव स्टेशनात तिकीट खिडकीवर बसते, त्यामुळे काचेपलीकडचा माणूस सांगतो त्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही तिला नोकरीची सवय. ती म्हणते, "एकच म्हातारा डोकावायचा, तोही तुमच्या चहासाठी."

असू दे. खाडी बनवली होती हे खरं, आणि आज ती माझ्याकडे नाही हेही खरं. मधे काय झालं ते सांगतो.

माझा धंदा मोबाइलवरचे खेळ बनवण्याचा. डहाणू रोड स्टेशनच्या पूर्वेला, फरसाणच्या दुकानावर एक खोली. खाली शेव तळायला घेतली की वर आमचे कॉम्प्युटर इतके तेलकट व्हायचे की व्हायरससुद्धा आत शिरताना घसरून पडायचे. त्याआधी त्याच खोलीत मी कॉम्प्युटरचा क्लास चालवायचो, म्हणून निम्मा तालुका मला मास्तर म्हणतो. उरलेला निम्मा ओळख दाखवत नाही, कारण तो माझ्याकडे नापास झालेला आहे.

माझी भागीदार सविता भोये. तलासरीच्या पूर्वेला डोंगरातलं गाव, घरी भात आणि नागलीची शेती. क्लासला आली तेव्हा कीबोर्डकडे अशी बघायची जणू त्याने तिच्या शेतात पाय टाकलाय. वर्षभरात मला शिकवायला काही उरलं नाही आणि तिला शिकायला मी पुरेनासा झालो. मग आम्ही भागीदारी केली. काम वाटून घेतलं होतं: बोलायचं मी, करायचं तिने. हा करार आम्ही कागदावर कधीच लिहिला नाही आणि दोघांनीही तो अगदी काटेकोर पाळला.

आता थोडं इंजिनाविषयी. खेळ बनवताना सगळंच आपण बनवत नाही. वस्तू सोडली की खाली पडली पाहिजे, उन्हाची सावली पडली पाहिजे, दोन होड्या आपटल्या की हादरा बसला पाहिजे. हे दर वेळी मुळापासून लिहायला बसलो तर पहिला खेळ नातवंडं पूर्ण करतील. म्हणून परदेशातल्या मोठ्या कंपन्यांनी हे सगळं तयार करून ठेवलेलं असतं. त्याला गेम इंजिन म्हणतात. आपण त्यावर आपली चित्रं, आपले नियम, आपले आवाज चढवायचे.

हे इंजिन विकत मिळत नाही, वापरायला मिळतं. त्याच्याबरोबर अटी येतात, आणि त्या इतक्या लांब असतात की वाचायला बसलेला माणूस शेवटाला पोचेपर्यंत पहिल्या अटी बदललेल्या असतात. काही कंपन्या लहान माणसाला फुकट वापरू देतात, पण खेळ सुरू होताना आधी त्यांचं नाव झळकतं. ते नको असेल तर काम करणाऱ्या प्रत्येक माणसामागे वर्षाचा परवाना घ्यायचा. काही कंपन्या आधी काहीच मागत नाहीत, खेळ चालला की कमाईतला हिस्सा मागतात. त्याला रॉयल्टी म्हणायचं. आणि एक तिसरी जात आहे, जगभरच्या हौशी माणसांनी मिळून केलेली इंजिनं. ना परवाना, ना हिस्सा. पण बिघडलं तर तक्रार कोणाकडे करायची, तर आरशाकडे.

त्या झळकणाऱ्या नावाने एकदा माझं तोंड काळं व्हायची वेळ आणली होती. घोलवडकडचे एक चिकूच्या वाडीचे शेठ आले. पुतण्याचं लग्न होतं. पत्रिका म्हणून त्यांना मोबाइलवरचा खेळ हवा होता. पाहुण्याने झाडावरचे चिकू टोपलीत झेलायचे, टोपली भरली की लग्नाचं ठिकाण कळणार. मी म्हटलं, "शेठ, ज्याला झेलता येणार नाही त्याचं काय?" शेठ गुजरातीत म्हणाले, "ए भले घरे जमे." म्हणजे त्याने खुशाल घरी जेवावं. मला हा माणूस तिथेच आवडला.

सविताने खेळ केला. काय चिकू होते! स्क्रीनवर माश्या बसायच्या. शेठना दाखवायला वाडीवर गेलो, फोन सुरू केला, आणि गणपतीच्या आधी, नवरा-नवरीच्या आधी, इंजिन कंपनीचं नाव झळकलं. शेठचा चेहरा उतरला.

"मास्तर, लगन मारा भत्रीजानुं, ने पहेलुं नाम कोनुं?"

मी अटी समजावल्या. नाव काढायचं तर वर्षभराचा परवाना घ्यावा लागेल.

"बे मिनिटनुं लगननुं काम, ने आखा वरसनुं भाडुं? अने ए लोको तो जमवा पण नथी आववाना!"

दोन मिनिटांच्या कामाला वर्षाचं भाडं, आणि जेवायलाही न येणाऱ्या माणसाचं नाव पत्रिकेवर पहिलं, हे त्यांना कसं पटणार? शेवटी मी सांगितलं, शेठ, हे परदेशी नाव आहे, ते कोणाच्याही पत्रिकेवर येत नाही. शेठ विचारात पडले. लग्नात त्यांनी हेच सगळ्यांना ऐकवलं. पुढच्या हंगामात बोर्डीपर्यंतच्या तीन लग्नांना खेळ नको होता, फक्त ते नाव हवं होतं. सविता म्हणते तीन नव्हे, एक. सविता हिशेबात नेहमी हात आखडता घेते.

हे सगळं हसण्यावारी गेलं. खाडीचं तसं झालं नाही.

काशादादा, म्हणजे धाकटी डहाणूचे काशिनाथ तांडेल, आमच्याकडे आले ते डिझेलच्या सवलतीचा अर्ज ऑनलाइन भरायला. वय झालेलं, तरी होडीवर जाणारे. सविता तेव्हा होडीच्या एका खेळावर काम करत होती. कुठलंसं गुळगुळीत परदेशी बंदर, निळंशार पाणी. दादा तिच्या खुर्चीमागे उभे राहिले.

"हे काय?"

"समुद्र," सविता म्हणाली.

"ही बादली हाये. वरनं नळ सोडलाय. समुद्र असा एका पातळीत उभा राहतो काय?"

"मग कसा असतो?"

"हलतो तो. कधी हाये, कधी नाय. आमच्या खाडीच्या तोंडाशी रेतीचा दांडा हाये. ओहोटीला होडी घातली की बसली. पोरगी सासरी जाऊन बसावी तशी बसते, हलत नाय."

अर्ज बाजूला राहिला. दुसऱ्या दिवशी दादा परत आले, तिसऱ्याही. परदेशी बंदर आम्ही सोडून दिलं आणि त्या जागी डहाणूची खाडी येऊ लागली. नियम साधा होता. दिवस मावळायच्या आत भरलेली होडी समुद्रातून बंदरात आणायची. घाई केली तर रेतीत रुतणार, उशीर केला तर पाणी ओसरणार. थांबायचं कधी आणि सुटायचं कधी, एवढाच खेळ. सविता पाणी बनवायची, दादा नाकारायचे. डोंगरातल्या मुलीने आणि मचव्यावरच्या म्हाताऱ्याने मिळून मांडलेलं ते पाणी, त्यात हात घातला असता तर बोटं खारट झाली असती.

मग मी म्हटलं, खेळात दादांचा आवाज हवा. लिहून दिलं, माइक लावला. दादा असे बोलले जणू शाळेत प्रतिज्ञा म्हणतायत. सविताने युक्ती केली. खेळ माझ्या हातात दिला आणि माइक दादांच्या नकळत चालू ठेवला. मी होडी चालवतो म्हणजे काय, ते सांगायला नको.

"थांब! अरे थांब! पाणी भरू दे! कुठं घुसवतो? डोळे फरसाणात ठेवलेत काय? ... गेली. बसली. आता बस तूपण. ... थांब. पाणी येतंय. येतंय. आता सोड. सोड! शाबास रे माझ्या बैला."

सविताने त्यातल्या शिव्या काढल्या, तेव्हा आवाज वजनाने निम्मा झाला. उरलेल्याचे तुकडे केले आणि एकेक तुकडा एकेका चुकीला बांधला. रेतीत घातली की हे बोलायचं, घाई केली की ते. खेळणारा चुकला की दादा त्याच्यावर ओरडणार. तीच आमची करामत ठरली.

खेळ होत आला तेव्हा एका दुपारी सविता या खेळासाठी घेतलेल्या इंजिनाच्या अटी मोठ्याने वाचत होती. कमाई अमुक इतकी झाली की कंपनीला हिस्सा. मला वाटलं दादा भडकणार. ते उलट माझ्याकडेच मूर्खाकडे बघावं तसं बघायला लागले.

"मंग? इंजिनाला वाटा नको? आम्ही पण देतो. मासळी विकली, डिझेल-बर्फ वजा केलं, की वाटे पडतात. होडीचा वाटा, इंजिनाचा वाटा, जाळ्याचा वाटा, मंग माणसांचे."

"आणि मासळी नाही आली तर?" सविताने विचारलं.

"तर इंजिनपण उपाशी. आपणपण उपाशी. म्हणून तर त्याला वाटा म्हणायचं, भाडं नाय म्हणायचं."

"हा वाटा ठरतो कधी?"

"पुनवेला नारळ टाकायच्या आधी. एकदा नारळ पाण्यात पडला की पावसाळ्यात होड्या वर ओढीपर्यंत बदल नाय. मालकाने मधेच वाटा बदलला तर खलाशी उतरतो. तिथंच. मी उतरलोय." दादांनी छाती ठोकली. "भर हंगामात उतरलोय. जाळं किनाऱ्यावर फेकलं आणि चालू पडलो. मागं वळून नाय बघितलं."

रॉयल्टी म्हणजे काय, हे मी इतक्या वर्षांत कोणाला इतक्या थोडक्यात सांगू शकलो नव्हतो. त्या दिवसापासून आमच्या खोलीत रॉयल्टी हा शब्दच बंद झाला. इंजिनाचा वाटा म्हणायचं.

मला खेळावर किंमत लावायची होती. दादांनी तेही होऊ दिलं नाही. "पुनवेनंतरची पहिली मासळी विकतात काय? देवीला दाखवायची आणि आळीत वाटायची. पुढची विका." सविताच्या घरीही नवी नागली आधी शेजारी जाते, मग कोठीत. दोघांपुढे माझं काय चालणार? पहिला खेळ फुकट सोडायचा आणि दुसऱ्यावर कमवायचं, असं ठरलं.

आणि तो खेळ सुटला तो काय सुटला! किती फोनवर गेला तो आकडा सांगायची मला फार हौस आहे, पण वासंती हे छापलेलं वाचणार आहे. एवढंच सांगतो, की ज्यांनी समुद्र पाहिला नाही अशा मुलखांतून पत्रं आली. एका बाईंनी परदेशातून लिहिलं होतं, "हे आजोबा काय बोलतात ते कळत नाही, पण मी त्याच लायकीची आहे असं वाटतं." सविताचे वडील आयुष्यात खाडीवर गेले नव्हते. ते खळ्यात बसून होडी चालवायचे आणि रुतली की तोंडाने बैल हाकायचा आवाज काढायचे. दादांना तर बाजारात पोरं अडवून सांगायची, "दादा, एकदा ओरडा ना." दादा फुकट ओरडायचे.

मग ती घोषणा आली. इंजिन कंपनीने जाहीर केलं की पुढल्या वर्षापासून हिशेब बदलतोय. कमाईतला हिस्सा ठीक, पण आता तुमचा खेळ जितक्या नव्या फोनवर चढेल, त्या प्रत्येक फोनमागेही अमुक रक्कम. खाली अटी होत्या, सवलती होत्या, उंबरठे होते. ते दहा जणांनी वाचले तर अकरा अर्थ निघत. आम्ही त्यात येतो की नाही, हे कंपनीला लिहून विचारलं. उत्तर आलं की आम्ही त्यांच्या परिवारात आहोत याचा त्यांना आनंद आहे.

ज्याचा खेळ महाग विकला जातो त्याला हे थोडं झोंबणार होतं. आमचा फुकट होता आणि रोज नव्या फोनांवर चढत होता. आळीत मासळी वाटावी आणि दर शेजाऱ्यामागे आपल्यालाच बिल यावं, तसं.

दादा खुर्चीत होते. मी समजावलं.

"म्हंजे जाळं टाकायचे पैसे? मासळी येवो न येवो?"

"तसंच."

"आणि वाटा आधी दुसरा ठरला होता?"

"हो."

"नारळ पडला होता?"

सविता म्हणाली, "कधीच पडला होता दादा."

"मंग उतरा," दादा म्हणाले. "काय बघता एकमेकांच्या तोंडाकडं? उतरा!"

खरं सांगायचं तर आम्हाला तेच ऐकायचं होतं. सविताचे कान लाल झाले होते, माझ्या अंगात तर वीरश्री संचारली होती. तिने अ‍ॅपचं स्टोअर उघडलं. खेळ काढून टाकायचा का, खात्री आहे का, असं दोनदा विचारलं गेलं. दोन्ही वेळा दादाच ओरडले, "हाये!" खाडी उतरली. संध्याकाळी मी स्टेशनवर भेटेल त्याला सांगत होतो की एका परदेशी कंपनीला मी आज कामावरून काढलं. गाडीतली माणसं खिडकीतून बघत होती. गाडीसुद्धा थोडी जास्तच थांबली असावी.

थोड्याच दिवसांत जगभरच्या खेळ करणाऱ्यांनी इतका आरडाओरडा केला की कंपनी नरमली. आमच्यासारख्या लहानांना तो आकार लागू नाही, असं म्हणाली. सगळ्यांना पत्र पाठवलं. त्याचा सूर असा, की आमचं चुकलं, तुमचं ऐकलं, परत या. आणि बरेच जण परत गेले.

आम्ही नाही गेलो. सविताने पत्र वाचलं आणि मिटलं. "मधेच वाटा बदलणारा परत बदलेल," ती म्हणाली. मी मान डोलावली. दादांना ते पत्र आम्ही सांगितलंही नाही. कशाला सांगायचं? त्यांचाच तर नियम होता.

पुढे जे कळायचं ते सावकाश कळलं. खलाशी होडीतून उतरतो तेव्हा हात बरोबर घेऊन उतरतो. दुसऱ्या होडीवर गेला की तेच हात, तोच समुद्र. आमचं तसं नव्हतं. रेतीचा दांडा आमचा, चिमणी आमची, बगळे आमचे, पण पाणी त्यांच्या इंजिनात हलत होतं. उतरलो तेव्हा खाडी आम्ही बरोबर आणली आणि तिच्यातलं पाणी मागे राहिलं.

सविताने त्या हौशी माणसांच्या फुकट इंजिनावर सगळं नव्याने मांडायला घेतलं. इंजिन वाईट नव्हतं, पण त्यातलं पाणी वेगळ्या वळणाचं होतं. ती रोज तलासरीहून यायची, रोज पाणी ओतायची, रोज दादा बघायचे. त्यांनी नाकारणं कमी केलं तेव्हा मला काळजी वाटली. शेवटचं म्हणाले ते असं: "बादलीच्या पुढं गेलंय. खाडीच्या अलीकडं हाये. येईल." त्या पावसाळ्यात, होड्या वर ओढलेल्या असताना, दादा घरीच गेले. दुपारी जेवून आडवे झाले होते, ते उठलेच नाहीत.

त्यानंतर सविता पाण्यासमोर बसायची आणि नुसतीच बघायची. बरं-वाईट सांगणारा राहिला नव्हता. मग तिला पुण्यात नोकरी लागली, बँकांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत. घरी धाकटी भावंडं होती. मी म्हटलं, जा. ती गेली. मी आता त्याच खोलीत सातबारा काढून देतो, पासपोर्टचे फोटो काढतो, लोकांचे पासवर्ड आठवून देतो. खालची शेव मात्र तशीच आहे.

जानकीकाकू आल्या त्या यंदा उन्हाळ्यात. काशादादांच्या मंडळी. डहाणूच्या बाजारात मासळी विकतात. रिकामी पाटी दाराशी ठेवली आणि पदराच्या गाठीतून दोन फोन काढले. एक जुना, काच तडकलेली, पाठ फुगलेली. दुसरा नवा.

"मास्तर, ह्यातली होडी ह्याच्यात टाका."

जुन्या फोनवर आमची खाडी होती. स्टोअरवरून खेळ उतरवला तरी आधी घेतलेल्यांच्या फोनवर तो राहतोच. मी बघत राहिलो. किती वर्षांनी ते पाणी बघत होतो!

"काकू, हे त्याच्यात जाणार नाही."

"का? फोटो गेले, नंबर गेले."

"खेळ जुन्या फोनांसाठी बांधलेला आहे. नवा फोन त्याला घेत नाही. नव्याने बांधावा लागेल."

"मंग बांधा. तुम्हीच बांधला होता ना?"

घोलवडच्या शेठला गप्प केलेला माणूस मी, काकूंपुढेही एक तोड काढली. दादांच्या आवाजाचे सगळे तुकडे माझ्याकडे होते, शिव्यांसकट. म्हटलं, "काकू, आवाज देतो ना भरून. बटण दाबलं की दादा बोलतील. कधीही ऐका."

त्यांनी एक तुकडा ऐकला. 'थांब! पाणी भरू दे!' फोन माझ्या हातात परत दिला.

"हा नको."

"दादाच आहेत की."

"तो भिंतीवरच्या फोटोसारखा झाला. कोणीपण बटण दाबा, तो आपला बोलणार. ह्याच्यात," त्यांनी फुगलेला फोन उचलला, "ह्याच्यात मी चुकले की मंग ओरडतो. बघत असल्यासारखा."

मी सविताला फोन लावला, आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं. म्हटलं, आपल्या जुन्या फायली आहेत. जुन्याच इंजिनाची नवी आवृत्ती घेतली, त्यांच्या नव्या अटी मान्य केल्या, तर कदाचित लवकर होईल.

मग ती म्हणाली, "मास्तर, त्यांच्या होडीत परत? दादांनी उतरवलं होतं आपल्याला."

काकू फोनकडे वाकल्या. "कुठनं उतरवलं ग पोरी?"

सविताने सांगितलं. वाटा मधेच बदलला, दादा म्हणाले उतरा, आम्ही उतरलो. नंतर त्यांनी परत बोलावलं, पण दादांचा नियम होता, एकदा उतरलं की मागे वळायचं नाही.

काकू हसायला लागल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत.

"नियम? त्याचा? अगं, तो दर दोन वर्षांनी उतरायचा. जाळं फेकायचा, घरी येऊन बसायचा. आठ दिवस मालक निरोप पाठवायचा, हा नाय म्हणायचा. नवव्या दिवशी अंघोळ करून त्याच होडीवर. आयुष्यभर एकाच होडीवर गेला तो! उतरायचं असतंय ते बोलावणं यावं म्हणून. बोलावणं आलं की जायचं असतंय."

"आम्हाला नाही सांगितलं," मी म्हटलं.

"तुम्हाला कशाला सांगेल? तुमच्यात तांडेल होता तो, होडीचा म्होरक्या. गेलेला मला माहीत, आलेलापण मलाच माहीत."

आम्हाला बोलावणं आलं होतं. दादा तेव्हा जिवंत होते, चहा पीत याच खुर्चीत बसले होते, आणि पत्र आम्ही त्यांच्यापासून लपवून ठेवलं होतं, त्यांना अभिमान वाटावा म्हणून. नुसतं विचारलं असतं तर त्यांनी घसा खाकरला असता, इकडेतिकडे बघितलं असतं, आणि म्हणाले असते, बघा बाबा, एवढं बोलावतायत तर.

"मास्तर," सविता म्हणाली, "त्या अटींखाली 'मान्य आहे' असेल, ते दाबा. मी रविवारी येते."

रविवारी ती पुण्याहून निघून हायवेवर डहाणूच्या फाट्याला उतरली, तिथून शेअरच्या इको गाडीने दुपारी दुकानात. जुन्या फायली त्याच इंजिनाच्या नव्या आवृत्तीत उघडल्या. होडी आली, चिमणी आली, बगळे आले. आणि पाणी आलं ते गुलाबी. फिकट नव्हे, लग्नाच्या मांडवातल्या झालरीसारखं भडक गुलाबी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाणी रंगवायची आमची जुनी रीत नव्या आवृत्तीने बंद केली होती, आणि इंजिन जे ओळखू शकत नाही त्याला असं रंगवून ठेवतं.

सविताने होडी थोडी चालवून पाहिली. "हलतंय बरोबर," ती म्हणाली. "रंग गेलाय. नीट करायला फार दिवस लागतील मास्तर. माझ्याकडे रविवार आहेत, तेही सगळे नाहीत."

"आवाज?"

"आवाज चालतो."

काकू बाजार आटपून आल्या. नव्या फोनवर ती गुलाबी खाडी चढवून त्यांच्या हातात दिली. मी तोंड भरून माफी मागायची तयारी केली होती, निदान पाच मिनिटांची. त्यांनी हातानेच गप्प केलं. चष्मा पुसला, भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या आणि होडी सोडली. ओहोटी होती. समोर रेतीचा दांडा उघडा पडलेला. सरळ त्याच्यावरच नेली. चुकून नव्हे, मी बघत होतो.

होडी रुतली.

"थांब," दादा म्हणाले. "पाणी भरू दे."

काकूंनी बोट काचेवरून उचललं, हात मांडीवर ठेवले.

"थांबलेच हाये," त्या म्हणाल्या.